रत्नाला उतरवायचं राहून गेलं

कुंदा,

तुला घेऊन गाडी दारात लागली तेव्हा 'ती आली' असं कुणीच म्हणालं नाही. तळा गावाहून आलेला तुझा भाऊ दिनकर रस्त्यात उभा होता. त्यानं आत वळून हाक दिली, "मयत आलंय. वाट द्या." सकाळी तू 'ती' होतीस. अलिबागच्या इस्पितळाच्या वाटेवर, काशीद मागे पडल्यावर आणि रेवदंडा यायच्या आधी कुठेतरी, तुझं लिंगच बदललं. मला हसू फुटलं. दाराशी बायका रडत होत्या आणि मी तोंडाला पदर लावून हसत होते. त्यांना वाटलं, मास्तरीणबाईंना हुंदका आवरत नाही. थोड्या वेळानं तेही झालं. पण आधी मी हसले, आणि का हसले ते त्या अंगणात फक्त तुला कळलं असतं.

हे मी तुझ्याशी बोलते आहे खरी, पण चार लोक वाचणार आहेत. तेव्हा तुला पाठ असलेल्या गोष्टीही मधून मधून सांगाव्या लागतील. वैतागू नकोस. तुझा जन्म, शिक्षण, बक्षिसं यातलं काही मी सांगणार नाही. ते पेपरात येऊन गेलं. तिथेही तुझ्या नावाआधी 'सौ.' होतं, मग मुरुडचे लॉजमालक अमुक यांच्या पत्नी, आणि कादंबरीकार तिसऱ्या ओळीत. तू असतीस तर ते कात्रण घेऊन माझ्याकडे आली असतीस आणि म्हणाली असतीस, "बघा बाई, मेल्यावरसुद्धा मी आधी कुणाचीतरीच."

तुझी 'शेवटची तर' ही कादंबरी सगळी त्या 'आलंय'वरच उभी होती. खाडी ओलांडणाऱ्या होडीला 'तर' म्हणतात, हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. आगरदांड्याहून दिघीला आता गाड्या नेणारी मोठी फेरीबोट जाते, पण तू हट्टानं जुनाच शब्द ठेवलास. अर्ध्या वाचकांना वाटलं की हे जर-तरमधलं 'तर' आहे, आणि तुला त्याचाच आनंद झाला होता. वाडीतल्या विहिरीत लॉजमालक भास्कर मरून पडलेला सापडतो, तिथं ती कादंबरी सुरू होते. संशय सगळ्या पुरुषांवर. धाकट्या भावावर, जमीन मागणाऱ्या मुंबईच्या बिल्डरवर, काढून टाकलेल्या मॅनेजरवर. खून केलेला असतो बायकोनं, रत्नानं. ती पुस्तकभर पोलिसांना चहा करून देत असते.

मराठीत रहस्यकथा लिहिणाऱ्याची गोची कुठे होते ते तूच मला दाखवलंस. खुनी अंधारातून आत येतो, आणि क्रियापद लगेच चुगली करतं. आला की आली? पानावर पाऊल टाकताच तो पकडला जातो. बरेच लेखक सरळ खोटं बोलतात, 'आला' असं लिहितात आणि शेवटी बाई काढून दाखवतात. तुला खोटं बोलायचं नव्हतं. तू लिहिलंस, 'कुणीतरी आलं. कुणीतरी विहिरीपाशी थांबलं. वाकून पाण्यात पाहिलं.' मग माझ्या ओटीवर येऊन कच्ची प्रत मांडीवर आपटत म्हणालीस, "ना तो, ना ती. बाई, मी खुनी नपुंसकलिंगात लपवलाय."

मी आयुष्यभर पोरांना व्याकरण शिकवलेलं. मी म्हटलं, ती काही मोकळी जागा नाही, तिथं बायकांना आधीपासूनच कोंबून ठेवलंय. बाईमाणूस आलं. बायकामाणसं आत बसलीत. ज्याला 'तो' म्हणवत नाही आणि 'ती' म्हणायची गरज वाटत नाही, ते सगळं तिकडे. ज्याला कान आहेत त्याला तुझं 'आलं' ऐकताच कळेल की खुनी बाई आहे. तू म्हणालीस की कुणालाही कळणार नाही, मी व्याकरणाची बाई म्हणून मला दिसतं. आणि कुणालाच कळलं नाही. परीक्षणं लिहिणाऱ्या पुरुषांनी धाकट्या भावाचं नाव शेवटच्या पानापर्यंत धरून ठेवलं होतं. तेव्हापासून तू मला मास्तरीणबाई म्हणायला लागलीस. या शब्दाचा अर्थ मास्तरची बायको असाही होतो, हे तुला माहीत होतं. म्हणूनच म्हणायचीस.

तू येण्याआधी मी रहस्यकथा हातातसुद्धा धरत नव्हते. माझे यजमान गेल्यावर मी मोठमोठ्या गंभीर कादंबऱ्या वाचत संध्याकाळी ढकलत होते. तू माझ्या कपाटासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "तुमच्या या थोर पुस्तकांत कुणी वेळेवर मरतच नाही." मग पिशवीतून आपली फाटकी पुस्तकं काढून दिलीस. त्यांत वेळेवर मरायच्या त्या सगळ्या बायका. पहिल्या पानावर बाईचं प्रेत, दुसऱ्या पानावर तिच्या अंगावर काय होतं आणि काय नव्हतं याचं वर्णन. हे वाचून तू लिहायला शिकलीस कशी, असं मी विचारलं. तू म्हणालीस की म्हणूनच तर विहिरीत पुरुष टाकला.

आणि मग मुखपृष्ठ आलं. मेलेला पुरुष आणि मुखपृष्ठावर ओल्या साडीतली बाई, केस मोकळे, पदर घसरलेला. आपण दोघी माझ्या ओटीवर बसून ते बघत होतो. तू म्हणालीस की ही कोण आहे तेच तुला कळत नाही, पुस्तकात असं ओलं कुणीच नाही. प्रकाशकांना फोन केलास. ते म्हणाले की बाईशिवाय रहस्यकथा खपत नाही. तू फोन ठेवलास आणि इतकी हसलीस की शेजारच्या करीमभाईंची बायको काय झालं म्हणून विचारायला आली. तिला मुखपृष्ठ दाखवलं. ती म्हणाली, "या अल्ला, हिला कुणीतरी टॉवेल द्या."

मी तुला सोडलं नाही, हेही इथं सांगायला हवं. तुझ्या इन्स्पेक्टर सावंतांना नाव होतं, खोकला होता, जुनी मोटारसायकल होती, वडिलांशी अबोला होता. त्यांच्या बायकोला नाव नव्हतं. ती प्रकरणाच्या शेवटी गरम पाणी काढून द्यायची. ठाण्यातल्या लेडीज कॉन्स्टेबललाही नाव नव्हतं. रडणाऱ्या बायकांना पाणी पाजायचं आणि सायबांना चहा सांगायचा, एवढंच तिचं काम. मी तुला म्हटलं की तुझ्या पुस्तकात पुरुष गोष्ट पुढे नेतात आणि बाया कपबशा पुढे नेतात. ते तुला झोंबलं. तू माझ्यावर चिडलीस की अहो-जाहोवरून एकदम अगं-तुगंवर यायचीस. "तू ऐक गं जरा," म्हणालीस. "चहा आणते म्हणून तर रत्नावर संशय येत नाही. ट्रे घेऊन बाई आत आली की कुणी बोलायचं थांबत नाही. तिनं तपासाचा शब्द न् शब्द ऐकलाय. ज्या कामानं तिला कोंडलं, त्याच कामाआड ती लपली." हे खरंच छान होतं. मी तेव्हाच तुला तसं म्हटलं होतं. मात्र सावंतांच्या बायकोला नाव दे, हे मी तरीही सांगत राहिले आणि तू ते दिलं नाहीस.

आपला खरा वाद चहाचा नव्हताच. तो कडीचा होता.

रत्ना भास्करला का मारते? तो तिला मारत नाही. दारू पीत नाही, बाहेर भानगड नाही, खायला-प्यायला कमी नाही. तो फक्त लॉजवर जाताना घराला बाहेरून कडी लावून जातो. गावात परकी माणसं फिरतात, चोऱ्या होतात, एवढंच कारण देतो. मागचं दार विहिरीकडे उघडतं, पण वाडीला सगळीकडून कुंपण, बाहेर पडायला फाटक नाही. वर्षानुवर्षं. एक दिवस तो मागल्या बाजूला पाणी शेंदायला येतो, वाकतो, आणि 'कुणीतरी येतं'. सगळं उलगडल्यावर तुझा इन्स्पेक्टर म्हणतो, "एका कडीसाठी कुणी खून करतं का?" आणि त्याला कुणी उत्तर देत नाही. रत्ना त्या वेळी शेवटच्या तरीत बसलेली असते. खाडीच्या मध्यावर ती तरीच्या काठावरून तोल जाऊन पाण्यात पडते की उडी टाकते ते तू मोघम ठेवलंस. बुडते एवढं नक्की.

तुझ्या पहिल्या खर्ड्यात ती बुडत नव्हती. दिघीला उतरून चालू लागत होती. प्रकाशक म्हणाले की खुनी सुटून चालत नाही, आणि तू एका फोनवर तिला बुडवलंस. मी म्हटलं, शेवट म्हणजे निकाल असतो. रत्ना बुडाली म्हणजे इन्स्पेक्टरचं बरोबर, कडी म्हणजे किरकोळ गोष्ट, आणि बाईनं एवढ्या तेवढ्यावरून माथं फिरवून घेतलं. ती पल्याड उतरली असती तर वाचकाला कडीपाशी परत जावं लागलं असतं, आपल्याच घरची कडी बघावी लागली असती. तू म्हणालीस, "शेवट म्हणजे शेवट, बाई. पुस्तक कुठेतरी थांबवावं लागतं. त्यात बरोबर कोण न् चूक कोण, हे तुमचं वर्गातलं." हा वाद आपण किनाऱ्यावर चालताना केला, एसटीत केला, तुझ्या सुनेच्या डोहाळजेवणात पुऱ्या लाटता लाटता केला. तू एकदाही मानलं नाहीस.

आता जे आपण कधी बोललो नाही ते. एका शनिवारी मी अळूवड्या घेऊन तुझ्याकडे आले होते. सीझन जोरात होता, तुझे यजमान वसंतराव लॉजवर. तुझ्या दाराला बाहेरून कडी. घरी कुणी नाही असं समजून मी वळले, तर आतून तुझा आवाज आला, "या ना बाई, उघडंच आहे." मी कडी काढली आणि आत आले. तू कोलंबी सोलत बसली होतीस. आपण अळूवड्या खाल्ल्या, नव्या पुस्तकाबद्दल बोललो. निघताना तू दारापर्यंत आलीस. मी बाहेर आले आणि माझा हात कडीपाशी गेला. तू माझ्या हाताकडे बघत होतीस. मी कडी तशीच लोंबत सोडली आणि पायऱ्या उतरले. त्यानंतर अनेक शनिवार मी आले, कडी काढली, बसले आणि निघताना ती लोंबत ठेवली. तू काही म्हणाली नाहीस, मी काही विचारलं नाही. कादंबरीतल्या कडीवर आपण तासन्‌तास भांडलो, कुंदा, आणि दारातल्या कडीवर एक शब्द नाही. विचारलं असतं तर तू माझं येणं बंद केलं असतंस, याची मला खात्री आहे. आजही आहे.

वाचनालयात तुझा सत्कार झाला तेव्हा कुणीतरी विचारलंच की घरचं सगळं सांभाळून लिहायला वेळ कसा मिळतो. तू म्हणालीस, "मला घरात खूप वेळ असतो." सभागृहाला ते विनयाचं वाक्य वाटलं. अध्यक्षांनी शेवटच्या रांगेत बसलेल्या वसंतरावांना चिमटा काढला की जपून राहा, विहिरीजवळ जाऊ नका. सगळे हसले. वसंतरावही हसले. मी तुझ्याकडे बघत होते. तू शाल नीट करत होतीस.

मग या पावसाळ्याच्या शेवटी दुसऱ्या आवृत्तीचं निघालं. आपण कोळीवाड्याच्या बाजूनं फिरायला गेलो होतो, बोटी पुन्हा पाण्यात जात होत्या. तू मध्येच थांबलीस आणि म्हणालीस, "बाई, उतरवते तिला." मला आधी कळलंच नाही कुणाला. "रत्नाला. एकच वाक्य बदलायचंय. तर लागली आणि ती उतरली. बघा, 'उतरली'. शेवटी एकदा 'ती' म्हणते तिला." मी हरखून म्हटलं की अखेर माझं पटलं म्हणायचं. तू मान हलवलीस. "तुमच्यामुळे नाही. किती वर्षं पाण्यात ठेवू तिला?" एवढं बोलून तू भाव करायला एका मावशीच्या पाटीपाशी बसलीस. मी मागे उभी होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की तू महाग बोंबील घेतेस हेही मी सांगितलं नाही.

प्रकाशकांशी तू फोनवर बोलली होतीस. पान पाठवते म्हणालीस. पान गेलं नाही. त्या दिवशी तू नेहमीसारखी पहाटे उठलीस, डोकं फार दुखतंय म्हणालीस, आणि अलिबागची वाट तुझ्याच्यानं पुरी झाली नाही.

मयत म्हणजे सगळं उरकून टाकायचं असतं, तसं ते उरकलं. तुझा मुलगा पनवेलला परत गेला, दिनकर तळ्याला. निघताना तो माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "तायडी तुमचं लय नाव काढायची. तुमच्याशी भांडान करायला मिलतं म्हनून बरं हाय, असं बोलायची." मी आत जाऊन दार लावून घेतलं आणि मोठ्यानं रडले. इतकं प्रेमानं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललेलं नाही. माझ्याशी भांडणारं आता कुणी उरलं नाही. लोक माझं ऐकून घेतात, म्हातारी आहे म्हणून मान डोलावतात. तू मान डोलावली नाहीस कधी. त्याबद्दल मी तुझी जन्माची ऋणी आहे, आणि हे तुझ्या तोंडावर म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस की ऋणी हा शब्द तरी बरा, बाई-पुरुष दोघांनाही चालतो.

मी प्रकाशकांना फोन केला. त्यांना तुझं बोलणं आठवत होतं. माणूस वाईट नाही. म्हणाले, वाक्य तुम्ही सांगा, मी घालतो, पण वारसाचं लेखी हो लागेल. नाहीतर जुनंच छापावं लागेल. वारस म्हणजे वसंतराव. तेरावं होऊन गेल्यावर एका दुपारी मी तुझ्या घरी गेले. दार सताड उघडं होतं. ते ओटीवर बसले होते. मला बघून उठले, आत गेले, आणि बराच वेळ डबे उघडल्याचा आवाज येत राहिला. चहा घेऊन आले तो बिनसाखरेचा होता. साखर कुठे असते ते माहीत नाही, म्हणाले. मी तो चहा प्यायले.

मी सांगितलं की रत्नाला तुला उतरवायचं होतं. तुझी शेवटची इच्छा, एक वाक्य, एक सही. मला वाटलं, त्यांनी पुस्तक वाचलेलंच नसेल आणि मला सगळं समजावून सांगावं लागेल. ते खाली बघत ऐकत होते. मग म्हणाले, "मी वाचलंय ते. दोनदा. लॉजच्या काउंटरवर बसून. घरात न्हाय वाचलं."

मी पुढे सरकून बसले.

"विहिरीपाशीच मला कळलं, बाई. 'कुणीतरी आलं.' ते माझं वाक्य हाय."

मला समजेना. त्यांनी समजावलं. दारात पुरुष आला की ते आत नावानं हाक द्यायचे, पाटील आलेत, करीमभाई आलेत. बाई आली, म्हणजे कुणाची सून, कोळीण, शाळेतली बाई, तर फक्त, 'अगं बघ, कुणीतरी आलंय.' लग्न झाल्यापासून तसंच. त्यांच्या वडिलांचंही तसंच. म्हणून कादंबरीत कुणीतरी आलं तेव्हा त्यांनी मनात म्हटलं, बाई आली. आणि भास्करच्या वाडीत बाई एकच.

कुंदा, मी तुला नपुंसकलिंगावर केवढी व्याख्यानं दिली. तू ऐकून घेतलीस आणि तुझ्याच उंबऱ्यावरून उचललेलं ते वाक्य मला कधी सांगितलं नाहीस. मी दारात उभी असतानाही तू तेच ऐकलं असशील, 'कुणीतरी आलंय', आणि उठून आली असशील. आता मागे वळून बघते तर तुझ्या घरी माझं नाव मी कधीच ऐकलं नव्हतं.

मी विचारलं, मग त्यातला तो मेलेला कोण, तेही कळलं असेल. वसंतरावांनी कप खाली ठेवला.

"मीच की. माझी खाकरायची सवय पन लिवलीय तिनं."

त्यांचा आवाज चढला नाही. उलट हळू झाला. म्हणाले की कडी चोरांसाठी होती. पुढे म्हणाले, निदान आधी आधी. मग ती आत हाय हे माहीत असलं की लॉजवर कामात लक्ष लागायचं. मी येऊन गेले की कडी काढलेली असायची, त्यावरूनच कोण येऊन गेलं ते त्यांना कळायचं, आणि ते तुलाही विचारायचे नाहीत. म्हणजे त्या दारावर आपण तिघंही होतो आणि तिघंही काही बोललो नाही. मी त्यांच्यावर ओरडायला हवं होतं. तुझ्यासाठी मला तसा राग आलाही होता. पण समोर एक माणूस बसला होता ज्याला साखरेचा डबा सापडत नव्हता, आणि तो खोटं बोलत नव्हता. मी एवढंच म्हटलं की तिला जे हवं होतं ते होऊ द्या. पुस्तक तिचं आहे.

"पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला किती रात्री झोप न्हाय," ते म्हणाले. "ती बाजूला निजलेली, आणि मी जागा. मग शेवटपर्यंत वाचलं. ती बुडते. तेव्हा कुठं बरं वाटलं. म्हटलं, तिचंही चुकलं असं तीच लिवतेय." त्यांनी बाहेर रस्त्याकडे बघितलं. "आता ती पल्याड उतरली तर त्याचा अर्थ काय होतो? तिचं बरोबर होतं. मग माझं काय?"

त्यांनी माझंच म्हणणं मला सांगितलं होतं. शेवट म्हणजे निकाल. मी ते तुला किनाऱ्यावर, एसटीत, पुऱ्या लाटताना सांगत आले, आणि तू शेवट म्हणजे शेवट म्हणत मला उडवून लावलंस. परीक्षणं लिहिणाऱ्यांना ते दिसलं नाही, वाचनालयातल्यांना दिसलं नाही. दिसलं ते तुझ्या विहिरीत पडलेल्या माणसाला. तुझं पुस्तक माझ्यासारखं वाचणारा दुसरा वाचक तोच निघाला.

"न्हाय बाई," वसंतराव म्हणाले. "हाय तिथंच राहू दे तिला. मी सही करनार न्हाय."

मी उठले. प्रकाशकांना काल कळवलं. दुसरी आवृत्ती छापायला गेली.

वाद मी जिंकले, कुंदा. रत्ना बुडालेलीच राहणार आहे.